उजळणाऱ्या कळफलकाचा जमाखर्च

चंडीगडला लागून, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले पंचकुला हे हरियाणातील आखीवरेखीव शहर. शेजारीच चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे. सैन्यदल, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतील बदल्यांमुळे येथे येऊन राहणाऱ्यांत मराठी कुटुंबेही असतात. मुलांचा अभ्यास आणि खेळ दोन्ही संगणकावर होऊ लागले, तशी वाढदिवसाच्या किंवा परीक्षेच्या निकालाच्या निमित्ताने एक मागणी घरोघरी ऐकू येऊ लागली : रंगीत दिव्यांनी उजळणारा ‘गेमिंग कीबोर्ड’. साधा कीबोर्ड, म्हणजेच कळफलक, पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. या प्रकारासाठी मात्र दोन-तीन हजार आणि कधी दहा हजारांहूनही अधिक रुपये मोजावे लागतात. हा जादा पैसा नेमका कशासाठी, याचा ताळेबंद मांडूनच निर्णय घेणे शहाणपणाचे ठरेल.

कळेखाली काय असते?

कीबोर्डची किंमत ठरविणारा मुख्य घटक म्हणजे कळेखालील यंत्रणा. साध्या कीबोर्डमध्ये सर्व कळांखाली रबराचा एक पापुद्रा असतो. कळ तळापर्यंत दाबली की त्याखालील विद्युतमंडल जोडले जाते. याला ‘मेंब्रेन’ म्हणतात. ‘मेकॅनिकल’ प्रकारात प्रत्येक कळेला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतंत्र खटका असतो. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, परंतु सुमारे २ मिलिमीटरवरच अक्षर उमटते. त्यामुळे सरावलेल्या बोटाला कळ तळापर्यंत आपटावी लागत नाही.

बँक कर्मचाऱ्यांना ही यंत्रणा अपरिचित नाही. रंगराजन समित्यांच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनंतर भारतीय बँकांत संगणकीकरणाला वेग आला आणि खातेवह्यांची जागा हळूहळू पडद्याने घेतली. पुढे कितीतरी काउंटरवर चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ‘टीव्हीएस गोल्ड’ हा मेकॅनिकल कीबोर्ड दिसू लागला. त्यात अनेक वर्षे जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळ्या रंगाचे खटके वापरले जात. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकाला ऐकू येणारी ती टकटक याच खटक्यांची. आज गेमिंगच्या नावाने मिरविणाऱ्या कित्येक महागड्या कीबोर्डांच्या पोटात त्याच जातीचे यंत्र असते. फरक इतकाच की काउंटरवरच्या त्या कीबोर्डला दिवे नव्हते आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

टिकाऊपणाचा हिशेबही पाहावा. उत्पादकांच्या दाव्यानुसार मेंब्रेनची कळ साधारण ५० लाख ते १ कोटी वेळा आणि मेकॅनिकल कळ ५ कोटी किंवा अधिक वेळा दाबता येते. एखादा लिपिक ‘एंटर’ची कळ दिवसाला २,००० वेळा दाबतो आणि वर्षाला ३०० दिवस काम करतो, असे मानले तर वर्षाचे ६ लाख आघात होतात. म्हणजे ५० लाखांची मर्यादा सुमारे आठ वर्षांत संपते, तर ५ कोटींची ८० वर्षांनीही संपत नाही. घरातील विद्यार्थ्याचा वापर याच्या एका अंशाइतकाच असतो. त्यामुळे केवळ टिकाऊपणासाठी घरी मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा, असे हा हिशेब सांगत नाही.

जमेची बाजू

उजेडाचा पहिला लाभ उघड आहे. अंधारात कळा दिसतात. पंचकुल्याच्या कडाक्याच्या थंडीत रात्री एकाच खोलीत धाकटे भावंड झोपलेले असताना मोठ्याला दिवा न लावता काम करता येते. ज्यांना बोटांकडे पाहूनच टंकलेखन करावे लागते, त्यांना आणि मंद दृष्टीच्या काही ज्येष्ठांना उजळ अक्षरे सोयीची वाटतात. खेळात वापरावयाच्या मोजक्या कळा वेगळ्या रंगाने उजळविता येतात. विजेचा खर्च नगण्य असतो. ‘यूएसबी २.०’ जोडणीतून मिळणारी शक्ती जास्तीत जास्त अडीच वॅट. रोज आठ तास ती पूर्ण वापरली तरी वर्षाला सुमारे सात युनिटे होतात.

खेळाडूसाठी खरे लाभ मात्र उजेडाबाहेरचे आहेत. साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकाच वेळी दाबल्यास त्यांतील एखादी कधी कधी नोंदलीच जात नाही. चांगला गेमिंग कीबोर्ड प्रत्येक कळ स्वतंत्रपणे ओळखतो. साधा कीबोर्ड संगणकाला सामान्यतः दर ८ मिलिसेकंदांनी खबर देतो, तर गेमिंग कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाने. चुरशीच्या सामन्यात याला अर्थ आहे. गृहपाठाच्या निबंधात तो मुळीच नाही. ई-क्रीडा आता निव्वळ रिकामपणाचा उद्योग राहिलेली नाही, हेही मान्य करावे लागेल. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ई-क्रीडेला मान्यता देतानाच पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कोणता, हा प्रश्न पालकांनी कीबोर्डच्या किमतीआधी विचारावा.

नावेची बाजू

स्वस्त ‘गेमिंग’ कीबोर्डांपैकी पुष्कळांत दिवे तेवढे असतात आणि कळेखाली तोच रबराचा पापुद्रा असतो. येथे ग्राहक रोषणाईचे पैसे देतो, यंत्राचे नव्हे. अक्षरांतून प्रकाश बाहेर यावा म्हणून काही कीबोर्डांत पारदर्शक कळेवर रंगाचा थर देऊन अक्षर कोरलेले असते. तो रंग घासला गेला की अक्षराच्या कडा विस्कटतात. दोन रंगांचे प्लास्टिक एकत्र ओतून घडविलेली कळ अधिक टिकते, पण महाग पडते. बिनतारी कीबोर्डमध्ये दिवे लावले की बॅटरी लवकर उतरते. निळ्या खटक्यांचा आवाज तर दिवा मालवून झोपलेल्या भावंडाला जागे करण्यास पुरेसा असतो. म्हणजे उजेडाचा लाभ आवाजाने फिटतो. अशा घरात लाल रंगाचे, कमी आवाज करणारे खटके पसंत करावेत.

डोळ्यांचा प्रश्नही आहे. कीबोर्डचा मंद प्रकाश स्वतः फारसा अपायकारक नाही. परंतु तो अंधारात पडद्यासमोर बसण्याची सवय सुलभ करतो आणि रात्रीच्या जागरणाचा खरा भार पडदाच टाकतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहण्याचा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला दिव्यांच्या रंगांपेक्षा मोलाचा आहे.

बँक ग्राहकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. अनेक गेमिंग कीबोर्ड एका कळेत संपूर्ण मजकूर साठवून ठेवतात. नेट बँकिंगचा पासवर्ड अशा कळेत कधीही साठवू नये. जो कोणी ती कळ दाबेल, त्याच्या हाती खात्याची किल्ली जाते. सोबतचे सॉफ्टवेअरही उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. २०१७ मध्ये एका गेमिंग कीबोर्डचे सॉफ्टवेअर कोणती कळ किती वेळा दाबली, याची माहिती परदेशी सर्व्हरकडे पाठवीत असल्याचे उघड झाले होते. ‘बिनव्याजी हप्त्यां’ची जाहिरात असली तरी क्रेडिट कार्डावर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरील वस्तू व सेवा कर पडू शकतो, हेही तपासावे.

मराठी अक्षरांचे काय?

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाने मराठीत लिहावे, ही इच्छा असलेल्या कुटुंबाला येथे वेगळीच अडचण येते. बाजारातील उजळत्या कीबोर्डांवर बहुधा केवळ इंग्रजी अक्षरे असतात. त्यांवर देवनागरीच्या पट्ट्या चिकटविल्या तर खालचा प्रकाश अडतो आणि ज्यासाठी पैसे मोजले, तेच झाकले जाते. यावर खरा उपाय सरावाचा आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केलेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी विंडोज प्रणालीत उपलब्ध असते. तिच्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘के’च्या कळेवर ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’, ‘एल’वर ‘त’ आणि शिफ्टसह ‘थ’, अशी तर्कशुद्ध रचना असल्याने ती लवकर आत्मसात होते. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरील बारीक उंचवटे बोटांना जागा सांगतात. ज्याला ते उंचवटे पुरतात, त्याला अक्षरांची गरज उरत नाही आणि म्हणून त्यांमागच्या दिव्याचीही नाही.

निर्णय घेताना

उजेड कळ शोधणाऱ्यासाठी असतो, खटका कळ न पाहणाऱ्यासाठी. स्पर्धात्मक खेळाची आवड टिकाऊ दिसत असेल, तर मेकॅनिकल कीबोर्डवरील खर्च समर्थनीय आहे. दिवे त्यासोबत आले तर यावेत, आणि ते बंद करण्याची व मंद करण्याची सोय असावी. दिवसभर लेखन किंवा नोंदी करणाऱ्यांनी बिनदिव्यांचा चांगला मेकॅनिकल कीबोर्ड दुकानात स्वतः दाबून पाहावा. शालेय अभ्यासासाठी साधा कीबोर्ड पुरेसा आहे. वाचलेल्या रकमेतून टेबलावरचा एक चांगला दिवा घ्यावा. त्याच्या उजेडात कळाही दिसतील, त्यांवर चिकटविलेली मराठी अक्षरेही आणि शेजारी उघडे असलेले पुस्तकही.