जुनं डिझेल इंजिन घेताय? आधी हवेचं तोंड तपासा

विहिरीला पाणी आहे पण विजेचा भरवसा नाही, म्हणून जुनं डिझेल इंजिन घ्यायचा विचार पुष्कळजण करतात. घेताना आपण बघतो काय? रंग, आवाज आणि हँडल मारल्यावर लगेच सुरू होतं की नाही, एवढंच. पण बरीच वर्षं चाललेल्या इंजिनाचं हेड, लायनर, पिस्टन मूळचंच असेल असं नाही. बाहेरून सारखी दिसणारी दोन इंजिनं आतून वेगळी असू शकतात. हे ओळखलं नाही तर चुकीचे सुटे भाग गळ्यात पडतात आणि ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन उभं राहतं.

साडेसात मिलिमीटरचा फरक

एक उदाहरण घ्या. किर्लोस्करची एव्ही-१ आणि टीव्ही-१ ही दोन्ही एका सिलिंडरची, मिनिटाला १५०० फेऱ्यांची इंजिनं. दोन्हींचा स्ट्रोक ११० मिलिमीटर. पण एव्ही-१ चा बोअर ८० मिलिमीटर, तर टीव्ही-१ चा ८७.५. त्यामुळे पहिल्याचं आकारमान ५५३ घनसेंटिमीटर होतं, दुसऱ्याचं ६६१. पहिलं ५ हॉर्सपॉवरचं, दुसरं ७ चं. म्हणजे दुसऱ्याला दर वेळी सुमारे २० टक्के जास्त हवा ओढावी लागते. ही हवा हेडमधल्या इनलेटच्या तोंडातून येते. तोंड किंवा त्यावरच्या गॅस्केटचं भोक लहान पडलं की हवा अडते, डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर निघतो आणि पंप ओढत नाही.

तोंड कसं ओळखायचं?

सुट्या हेडला दोन तोंडं असतात. काजळी धरलेलं तोंड एक्झॉस्टचं, दुसरं इनलेटचं. खालून बघितलं तर इनलेटच्या वॉल्व्हचं डोकं बहुधा मोठं असतं.

आता तोंडाच्या सपाट भागावर कोरा कागद धरा आणि ग्रीस लागलेल्या अंगठ्याने दाबून घासा. तोंडाचा आणि बोल्टच्या भोकांचा ठसा कागदावर उमटेल. सुटे भाग आणायला जाताना हा कागद खिशात ठेवा. गॅस्केट त्यावर ठेवून बघा. गॅस्केटची कड तोंडाच्या आत येत असेल तर ते घेऊ नका. बोल्ट बसले म्हणजे भाग जुळला, असं नसतं. हेडच्या गॅस्केटचंही तेच. त्याची कड बोअरच्या आत आली की ती जळते आणि कॉम्प्रेशन फुटतं.

इनलेटच्या आत बोटही फिरवून बघा. बोटाला कोरडी धूळ लागली, तर हवा गाळून येत नव्हती असं समजा. अशा इंजिनाचे लायनर आणि रिंगा झिजलेल्या असण्याची दाट शक्यता असते. भाव ठरवताना हे मिस्त्रीला जरूर विचारा.

बोअर कुठे मोजायचा?

हेड उतरवलं असेल तर बोअर दोन ठिकाणी मोजा. लायनरच्या वरच्या भागात, जिथे वरची रिंग चालते, तिथे झीज जास्त असते. रिंग पोचत नाही त्या अगदी खालच्या पट्ट्यात मूळ माप सापडतं. दोन्ही मापांतला फरक म्हणजे झीज. नुसतं वरचं माप धरून पिस्टन आणला तर फसाल.

प्लेटवर विसंबू नका

प्लेटवरचं मॉडेल, हॉर्सपॉवर आणि फेरे टिपून घ्या, पण ते प्रत्यक्ष मापाशी ताडून बघा. प्लेट दोन रिव्हेटांची असते, ती बदलायला वेळ लागत नाही. मापं जुळत नसतील तर इंजिनात काय काय बदललं ते मालकाला स्पष्ट विचारा. बदललेलं इंजिन वाईटच असतं असं नाही. पण काय बदललं ते माहीत नसेल तर पुढचा प्रत्येक सुटा भाग अंदाजाने आणावा लागतो.

ग्रामसेवक आणि सरपंचांनाही एक सुचवावंसं वाटतं. पाणीपुरवठ्याला ग्रामपंचायतीचं इंजिन असेल तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नुसतं 'डिझेल इंजिन, नग एक' एवढंच लिहू नका. मॉडेल, बोअर, स्ट्रोक आणि फेरे लिहा आणि तोंडाच्या ठशाचा कागद तिथेच चिकटवून ठेवा. पुढे भर उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं, तर शहरात सुटा भाग आणायला जाणाऱ्या माणसाची दुसरी खेप वाचेल आणि गावाला पाणी वेळेवर मिळेल.