कोडिंगची पहिली भाषा : एकच धरा, नीट शिका

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. मी कॉम्प्युटर शिकवते, म्हणून नात्यातले सगळे मलाच विचारतात. यंदा थोरल्या भाईजानचा फोन आला. "मुलीला कोडिंग शिकायचे आहे. क्लासवाले म्हणतात, सहा महिन्यांत पाच भाषा शिकवू. फी ४० हजार. भरू का?"

भाईजानचे शिलाईचे दुकान आहे. ४० हजार म्हणजे त्यांची ईदच्या सीझनची सगळी कमाई. मी म्हटले, "थोडे थांबा. आधी तिला माझ्याकडे पाठवा."

भाचीने आल्या आल्या विचारले, "फुप्पी, पायथन शिकू, जावा शिकू, की सी?" मी म्हटले, "तुझ्या अब्बांना विचार, शिवणकाम शिकताना मशीन कोणत्या कंपनीचे होते? त्यांना आठवणारही नाही. माप घेणे आणि कापड बेतणे हाताला बसले, की मशीन बदलले तरी अडत नाही."

कोडिंगचेही तसेच आहे. प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला क्रमाने दिलेल्या सूचना. काम टप्प्याटप्प्याने करण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. कॉम्प्युटर तर त्यानंतर हजारेक वर्षांनी आला. म्हणजे रीत आधी, भाषा नंतर.

तरीही सुरुवात कुठून तरी करावीच लागते. ती मुलाचे वय आणि पुढचा बेत पाहून ठरवावी.

मूल आठ-दहा वर्षांचे असेल तर स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते मोफत आहे. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, की पडद्यावरचे मांजर चालू लागते. स्पेलिंग चुकण्याची भीती नाही.

आठवी-नववीच्या पुढे पायथन बरी. १९९१ मध्ये आलेली ही भाषाही मोफत आहे. पडद्यावर एक वाक्य दाखवायला पायथनमध्ये एक ओळ पुरते. सी किंवा जावामध्ये त्याच कामासाठी भोवती आणखी ओळींची चौकट लागते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत कॉम्प्युटर सायन्स घेणारी मुले पायथनच शिकतात.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला जायचे असेल तर सी भेटतेच. ही १९७२ च्या सुमाराची भाषा, पण कॉम्प्युटरची मेमरी आतून कशी वापरली जाते ते चांगले समजावते. वेबसाइट बनवायची हौस असेल तर एचटीएमएल आणि मग जावास्क्रिप्ट. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत. नावावरून फसून चुकीच्या कोर्सला पैसे भरू नका.

भाचीला मी पायथन सुरू करून दिली. लॅपटॉप घरातलाच, जुना. पहिले काम दिले ते दुकानाच्या बिलाचे. शर्टची शिलाई ५०० आणि पँटची ६००, दोन्ही टाइप करायच्या आणि बेरीज पडद्यावर आणायची. उत्तर आले ५००६००! भाईजान हसून म्हणाले, "एवढी शिलाई मिळाली असती तर!"

मी उत्तर सांगितले नाही. दीड तास ती त्या एका ओळीशी झगडली. शेवटी तिच्या ध्यानात आले, की आपण टाइप केलेले पायथन अक्षरे समजते आणि ती एकापुढे एक चिकटवते. ती संख्या आहे हे वेगळे सांगावे लागते. दुरुस्ती केली आणि ११०० आले. मग ॲडव्हान्स वजा केला, बाकी शून्य असेल तर 'चुकते' असे दाखवले आणि हेच काम दहा गिऱ्हाइकांसाठी पुन्हा पुन्हा करवून घेतले. मूल्य साठवणे, अट घालणे आणि तेच काम वारंवार करवणे, या गोष्टी पुढच्या प्रत्येक भाषेत तिला भेटणार आहेत. पाच भाषांमागे धावणाऱ्याला असा दीड तास एका चुकीवर घालवायला सवड मिळत नाही.

क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्यापूर्वी विचारा : प्रत्येक मुलाला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळतो का? मूल स्वतः किती वेळ कोड लिहिते? फी हप्त्याने घेता का? मध्येच सोडले तर परत मिळते का? नुसत्या मोबाइलवर भागेल असे कोणी म्हटले तर मानू नका. लिहिण्याच्या सरावाला कीबोर्ड हवाच. मोफत शिकण्याचीही सोय आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये अनेक पाठ मराठीतून ऐकता येतात.

भाचीने आता रोज एक तास ठरवला आहे, असरच्या नमाजनंतर. तीन महिने हे टिकले तर पुढचे बघू. तोवर ते ४० हजार भाईजानच्या खात्यातच आहेत.