हँडलचा कोनसेट: घाटाखालच्या मोटरसायकलचा दुर्लक्षित सांधा

पोलादपूरहून एक रस्ता कशेडीकडे चढतो, एक आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जातो, आणि महामार्गानं उत्तरेला निघालं की वीसेक किलोमीटरवर महाड. महाडहून पुन्हा वरंध घाट भोरकडे. या दोन तालुक्यांत मोटरसायकल चैनीची वस्तू नाही. वाडीवरचं दूध, गॅसचा सिलिंडर, शाळेची पोरं, दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूस, सगळं तिच्यावरूनच येतं-जातं. त्यातल्या कितीतरी गाड्या जुन्या आहेत: हीरो होंडाच्या काळातली सीडी हंड्रेड, १९९४ साली आलेली स्प्लेंडर, एखादी बुलेट. मालक ऑइल वेळेवर बदलतो, चेन आवळून घेतो. पण प्रत्येक वळणावर गाडी ज्याच्या भरवशावर वळते, तो कोनसेट हँडल अडकायला लागेपर्यंत कोणाला आठवत नाही.

फ्रेमच्या पुढच्या टोकाला एक आखूड तिरका पाइप असतो. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा दांडा त्यातून वर येतो आणि त्याच्या माथ्यावर हँडल बसतं. पाइपच्या दोन्ही तोंडांत पोलादी वाट्या ठोकून बसवलेल्या, दांड्यावर त्यांना जुळणारे कोन, आणि मध्ये ग्रीसमध्ये रुतलेले सुटे छर्रे: हाच कोनसेट. जुन्या बुलेटमध्ये हे छर्रे पाव इंची, वर १९ आणि खाली १९. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन, खड्ड्याचा दणका, ब्रेकचा झटका, सगळं एवढ्याशा छर्ऱ्यांतून फ्रेमला पोचतं.

चाकाचं बेअरिंग सतत फिरतं, म्हणून ते सगळीकडे सारखं झिजतं. कोनसेटचं तसं नाही. महामार्गावर तासन् तास हँडल सरळच असतं. छर्रे जागच्या जागी थरथरत राहतात, त्यांच्या खालचं ग्रीस बाजूला सरतं आणि पोलादावर पोलाद घासायला लागतं. वर खड्ड्यांचे दणके चालूच. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत मांडली: कडक गोळी धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. आपल्या रस्त्यांवर वाटीची तीच परीक्षा रोज होते. खळगे पडतात ते नेमके हँडल सरळ असतानाच्या जागी. मग गाडी सरळ ठेवायला गेलं की छर्रे खळग्यात बसतात, आणि जरा वळवायला गेलं की उडी मारून बाहेर पडतात. आंबेनळीत एकामागून एक वळणं घेताना हा झटका हाताला लागतोच.

खालची वाटी आधी जाते. भार तिच्यावर जास्त, आणि पुढच्या चाकानं उडवलेला चिखलही तिथंच पोचतो. त्यात आपला पाऊस. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन आधी उघडतात, ते बरोबरच आहे. पण कोनसेट उघडून धुतला नाही, तर तिथला गाळ आणि गंज आतल्या आत काम करत राहतात.

तपासणी सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, मागे कोणीतरी दाबून पुढचं चाक अधांतरी करावं आणि हँडल एका बोटानं हळूहळू फिरवावं. मध्यावर खटका लागला तर वाटीत खळगे आहेत. मग चिमट्याची खालची टोकं धरून पुढं-मागं हलवावं. दांड्यापाशी खटखट जाणवली तर सेट ढिला आहे. मात्र चिमट्याचे बुश झिजले तरी असाच आवाज येतो, म्हणून जोडावर बोट ठेवून हालचाल नक्की कुठं आहे ते पाहावं.

खरं कौशल्य वाट्या काढण्यात आणि बसवण्यात दिसतं. चाक, मडगार्ड, हेडलाइट, हँडल उतरवून चिमटा खाली ओढताना जाणता मेस्त्री खाली फडकं धरतो, कारण छर्रे उधळतात. जुनी वाटी लांब सळईनं आतून ठोकायची, एक ठोका या बाजूला, एक त्या बाजूला. एकाच बाजूला ठोकलं की ती तिरकी होऊन पाइप खरवडते. नवी वाटी बसवताना जुनीच उलटी करून वर ठेवतात आणि ठोके तिच्यावर देतात. वाटी तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. तो कानानं ओळखावा लागतो. नंतर भरपूर ग्रीस, त्यात एकेक छर्रा चिकटवायचा, आणि शेवटी थोडी फट उरली पाहिजे. फट भरायला एक जास्तीचा कोंबला की छर्रे एकमेकांवर घासतात.

दांड्यावरचा नट आधी घट्ट आवळून हँडल दोन्हीकडे फिरवतात, म्हणजे सगळं बसतं. मग ढिला करून खटखट जेमतेम बंद होईल इतकाच लावतात. वरचा मोठा नट आवळला की हिशोब पुन्हा बदलतो, म्हणून शेवटी परत तपासायचं. जास्त आवळलं तर हँडल आपोआप सरळ होत नाही आणि कमी वेगात गाडी डुलते.

काही जण आता सुट्या छर्ऱ्यांऐवजी टेपर रोलर बसवून घेतात. हेन्री टिमकेन यांना १८९८ साली ज्याचं पेटंट मिळालं, तेच तत्त्व. रोलर बिंदूवर नव्हे, रेषेवर टेकतो, म्हणून खळगे उशिरा पडतात. गाडीच्या मापाचा चांगला सेट मिळाला तर घाटातल्या गाडीला मी तोच सुचवेन.

खळगे पडलेला सेट आवळून देणं ही मात्र दुरुस्ती नव्हे. खटखट थांबते, खळगे तसेच राहतात, आणि ताठ झालेलं हँडल ओल्या वळणावर जास्त धोक्याचं. जुन्या वाट्यांत नुसते नवे छर्रे घालणंही फुकट जातं. वाट्या, कोन, छर्रे पूर्ण संचच बदलून घ्या, तोही मे महिन्यात, पावसाच्या आत. आणि नवा सेट टाकल्यावर पाचशे किलोमीटरनं गाडी परत दाखवा. वाट्या तोवर बसलेल्या असतात आणि नट थोडा आवळावा लागतो.