वैरागहून बॅलार्ड पियरला : तीन पिढ्यांचा समुद्रप्रवास

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैराग हे ज्वारीच्या रानांनी वेढलेले, समुद्रापासून दूरचे गाव असून तेथील बहुतेकांना पाण्यावरचा प्रवास ठाऊक असतो तो पंढरपुरी चंद्रभागेच्या होडीतला. मात्र आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून घराबाहेर पडण्याची रीत या भागात जुनी आहे, आणि यात्रेला निघालेल्या कुटुंबात पहिला मान वडीलधाऱ्यांचा असतो. सहलीत नेमके उलटे घडते. रोज नवे गाव, नवे हॉटेल, गड-किल्ल्यांच्या पायऱ्या असा बेत ठरला की गुडघ्यांनी थकलेली आजी "तुम्ही जाऊन या, मी घर बघते" असे म्हणते आणि दावणीच्या गुरांसह घर तिच्यावर सोडून बाकीचे निघतात. क्रूझ, म्हणजे मुक्काम, भोजन व करमणूक यांची सोय असलेल्या जहाजावरील सहल, ही अडचण बरीचशी दूर करते, कारण तिच्यात राहण्याची खोलीच प्रवास करते, सामान एकदाच उघडावे लागते, आणि नातवंडे पोहण्याच्या तलावावर असताना आजोबांना डेकवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यावरील मोकळ्या जागेत, समुद्राकडे पाहत निवांत बसता येते.

मराठी कुटुंबांना सहकुटुंब समुद्रप्रवास अगदीच नवा नाही. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींनी मुंबईतील चाकरमान्यांची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वळकट्या-ट्रंकांसह कोकणात नेली. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची वाहतूक थांबे, आणि हर्णेसारख्या बंदरात आगबोट खोल पाण्यात उभी राहिल्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना व तान्ह्या मुलांना हाताला धरून पडावात, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या लहान होडीत, उतरवावे लागे. याच इतिहासात १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीची जलसमाधी आहे, जिच्यात सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या आठवणीमुळे घरातील वृद्धांच्या मनात बोटीविषयी धास्ती असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नये. सुरक्षेचे नियमही अशाच दुर्घटनांतून घडले. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज उलटल्यावर नियम आणखी कडक झाले, आणि २०१५ पासून मस्टर ड्रिल, म्हणजे संकटकाळी कोठे जमायचे व जीवरक्षक जाकीट कसे घालायचे याची तालीम, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. या तालमीला कुटुंबातील प्रत्येकाने हजर राहावे आणि आजी-आजोबांसोबत कोण थांबणार हेही तेव्हाच ठरवावे.

मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे पर्यटक जहाज सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ने मुंबईच्या बॅलार्ड पियर या धक्क्यावरून गोवा, लक्षद्वीप व कोची अशा सहली आरंभल्या. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले हे अकरा मजली जहाज सुमारे २१० मीटर लांब आहे. वैरागकरांना त्यासाठी आधी बार्शी, कुर्डुवाडी किंवा सोलापूर गाठून मुंबईची रेल्वे धरावी लागते. रात्रीची गाडी सकाळीच मुंबईत पोचते, तर जहाजावर प्रवेश सहसा दुपारच्या सुमारास मिळतो. रात्रभर जागलेल्या वृद्धांना सामानासह तिष्ठत ठेवण्यापेक्षा एक दिवस आधी पोचणे केव्हाही बरे.

खोलीची निवड हा या सहलीचा कणा आहे, आणि येथे काटकसर चुकीच्या जागी होण्याचा संभव असतो. जहाजाची टोके जास्त वरखाली होतात, मध्यभाग व खालचे मजले त्या मानाने स्थिर राहतात. म्हणून ज्येष्ठांची खोली मध्यावर, लिफ्टजवळ आणि मुलाच्या खोलीला लागून घ्यावी, मग तरुणांना बिनखिडकीच्या आतल्या खोलीत राहावे लागले तरी चालेल. बोट लागते, म्हणजे मळमळ व चक्कर सुरू होते, ती कानातील तोलाची यंत्रणा हालचाल नोंदवत असताना डोळ्यांना मात्र स्थिर भिंती दिसतात म्हणून; अशा वेळी डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिल्याने आराम पडतो, परंतु गोळी घ्यायची झाल्यास रक्तदाबाची वा अन्य औषधे चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेले असावे.

लक्षद्वीपच्या सहलीत खरी कसोटी उतरण्याच्या वेळी लागते. प्रवाळांच्या उथळ पाण्यामुळे मोठे जहाज दूर उभे राहते आणि प्रवाशांना टेंडर, म्हणजे लहान बोट, घेऊन बेटावर जावे लागते. लाटेबरोबर होडीचा काठ वर येतो, खाली जातो; खलाशी दोन्ही दंडांना धरतो, आणि तो सांगेल त्या क्षणी पाऊल टाकायचे असते. पडावाच्या काळापासून ही पायरी बदललेली नाही. गुडघ्यांचा भरवसा नसेल त्या व्यक्तीने जहाजावरच थांबावे आणि घरातील एकेकाने आळीपाळीने सोबत करावी; नाहीतर घरी राहणारी आजी खोलीत राहणारी आजी होते, आणि तिला एवढ्या लांब आणण्याचा हेतूच फसतो.

भाड्यात साधारणपणे खोली व ठरावीक जेवण येते. बंदरशुल्क, कर, सेवाशुल्क, मद्य व इंटरनेट यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात, म्हणून नऊ-दहा जणांचा एकूण आकडा आधी लेखी मागवावा. शाकाहारी जेवण मिळते, पण पथ्याचे व उपवासाचे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. सहलीचा काळ शेतीची कामे पाहून ठरवावा. रब्बीच्या शिवारात दिवाळीच्या आसपास पेरणीची धांदल उरलेली असू शकते. ज्वारीची काढणी-मळणी उरकल्यावर, शाळांना सुटी लागताच, एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा काळ अशा कुटुंबाला सोयीचा, कारण पुढे पावसाळी वारे समुद्र खवळवू लागतात. परतीच्या आदल्या रात्री बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट बंदरावर परत मिळतात; तेव्हा आजोबांची सकाळची औषधे, चष्मा, कवळीची डबी आणि सर्वांची ओळखपत्रे हातातल्या पिशवीत काढून ठेवलेली असावीत.