भिंतीस दगडाचें वस्त्र

यवतमाळच्या कोणत्याही नव्या वसाहतींतून सायंकाळीं फेरफटका मारावा, तों थोड्या थोड्या अंतरावर एखाद्या घराची दर्शनी भिंत दगडी फरश्यांनीं मढविलेली दृष्टीस पडते. कोणीं जैसलमेरचा पिवळा दगड लाविला आहे, कोणीं काळा कडप्पा, तर कोणीं खडबडीत पट्ट्यांनीं देवघराची मागील भिंत सजविली आहे. ही हौस वावगी आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. दगड रंगाप्रमाणें चार पावसाळ्यांत उडत नाहीं, हा त्याचा गुण खराच. परंतु हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं, आणि तें बिघडलें तर केवळ पैसाच जातो असेंहि नाहीं. आमच्याच घरीं जें घडलें तें सांगितल्यास इतरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूंनीं घराच्या पश्चिमेकडील भिंतीस काळ्या दगडाच्या फरश्या बसवून घेतल्या. भिंतीच्या पायथ्याशीं लोणा धरला होता. "तो दगडाखालीं झांकून जाईल," असें गवंड्यानें सांगितलें, आणि घरांतील आम्हीं सर्व शहाण्यांनीं माना डोलाविल्या. दोन पावसाळे सुखरूप गेले. तिसऱ्या श्रावणांत एके पहाटे दहा फुटांवरील एक फरशी सुटून थेट तुळशीवृंदावनाच्या पायरीवर आदळली. आमची भावजय प्रदक्षिणा आटोपून नुकतीच आंत वळली होती. फरशी एक फूट रुंद व दोन फूट लांब; वजन दहा किलोंच्या वर. अधिक काय लिहावें?

बंधु म्हणाले, "दादा, सिमेंट कमी घातलें असेल." परंतु पडलेली फरशी उलटून पाहतां वेगळेंच दिसलें. तिच्या पाठीस मसाल्याचे पांच गोळे होते, ते दगडास घट्ट चिकटलेले. मधली सारी जागा पोकळ. आणि प्रत्येक गोळ्यावर भिंतीच्या जुन्या रंगाचा पापुद्रा जसाच्या तसा उतरला होता. म्हणजे मसाल्यानें दगडास धरिलें होतें, पण भिंतीस धरिलेंच नव्हतें. त्यानें धरिलें होतें तें रंगास!

दगड आमच्या जिल्ह्यास परका नाहीं. बहुतेक भाग काळ्या अग्निजन्य दगडाचा, तर पूर्वेस वणीच्या बाजूला चुनखडीचा. यवतमाळनजीक लोहारा येथील कमलेश्वराचें देऊळ पुष्कळांनीं पाहिलें असेल. हेमाडपंती बांधणींत घडीव चिरे चुन्यावांचून एकमेकांवर बसविलेले असतात. तेथें दगड हीच भिंत, आणि त्याचें वजनच त्याला जागेवर धरून ठेवितें. आजच्या फरशीचें नेमकें उलट आहे. ती भिंत नव्हे, भिंतीचें वस्त्र आहे. तिचें वजन तिला धरून ठेवीत नाहीं, खालीं ओढितें. काळ्या दगडाची २० मिलिमीटर जाडीची फरशी चौरस मीटरला सुमारें ५५ ते ६० किलो भरते. हा भार केवळ पाठीच्या लेपावर तोललेला असतो.

लेपाचें हें शास्त्र जुनेंच आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपासाठीं स्वतंत्र अध्याय खर्चिला आहे. टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, सालईच्या बिया, वेखंड इत्यादि द्रव्यें उकळून त्यांचा अष्टमांश काढा उरवावयाचा, व त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस वगैरे मिसळावयाचे, अशी ती कृति. टेंभुर्णी, सांवर, सालई हीं तर आमच्याच रानांतलीं झाडें! आजचा वज्रलेप म्हणजे पॉलिमरमिश्रित सिमेंटची तयार भुकटी; दगडासाठीं साध्या सिमेंट-वाळूपेक्षां ती खात्रीची. तथापि लेप कितीहि उत्तम असला, तरी ज्यास तो चिकटतो तेंच जर भिंतीस धरून नसेल तर त्याचा काय उपयोग?

म्हणून पहिलें काम दगडाचें नव्हे, भिंतीचें. जुना रंग, चुना, तेलकटपणा पार खरडून काढावा. गिलाव्यावर सर्वत्र ठोकून पहावें. जेथें पोकळ आवाज येईल तेथील गिलावा उतरवून नवा करावा. गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारावे. नव्या गिलाव्यास निदान सात दिवस पाणी द्यावें, व महिनाभर तरी तो वाळूं द्यावा. आणि ओल असेल तर ती गच्चींतून येते, नळांतून येते, कीं जोत्यांतून चढते, याचा शोध आधीं घ्यावा. दगडानें ओल बरी होत नाहीं. ती फक्त दिसेनाशी होते.

मग तळाशीं पाणसळीनें आडवी रेघ मारून, ओळंबा लावून, खालून वर काम चढवावें. फरशीची पाठ धुवून धूळ काढावी. दांतेरी थापीनें लेप भिंतीवर पसरावा, पातळ थर फरशीच्या पाठीसहि द्यावा, आणि दाबून बसवावी. पाठीमागें पोकळी राहतां कामा नये. अधूनमधून एखादी ओली फरशी काढून पाठ पहावी. सबंध माखलेली असेल तरच गवंडी कामाचा. बाहेरच्या भिंतीवर फरश्या एकमेकींस भिडवूं नयेत. तीन ते पांच मिलिमीटर सांध ठेवून ती भरावी, आणि दर तीन-चार मीटरवर एक सांध लवचिक द्रव्यानें भरावी. आमच्याकडे वैशाखांत काळी भिंत हात लाववत नाहीं इतकी तापते, आणि मृगाच्या पहिल्या सरीनें एकदम निवते. या प्रसरण-आकुंचनास जागा नको काय? याच कारणास्तव पश्चिमेस फिका दगड बरा, व काम दिवाळीनंतरच्या थंडींत केलेलें उत्तम.

सुमारें दहा फुटांच्या वर, किंवा फरशी मोठी व जड असेल तर, केवळ लेपावर विसंबूं नये. न गंजणाऱ्या पोलादाच्या आंकड्यांनीं ती भिंतीस अडकवावी. साधें लोखंड वापरूं नये. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील मंदिरांच्या डागडुजींत विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी आंकडे घातले. ते गंजून फुगले, संगमरवर तडकला, आणि पुढें ते काढून टायटॅनियमचे बसवावे लागले. शिकागो येथील त्र्याऐंशी मजली इमारतीच्या संगमरवरी वेष्टणाची एक शिळा शेजारच्या छपरावर कोसळली. पुढें तक्ते वांकूं लागल्यानें १९९० ते १९९२ या काळांत सारें वेष्टण उतरवून ग्रॅनाइट लावावा लागला. जेथें धनाची वाण नव्हती तेथेंहि दगडानें कोणाची भीड धरिली नाहीं.

घरांतील भिंतीस ऊन-पाऊस नसल्यानें काम सोपें. परंतु प्लास्टर ऑफ पॅरिसवर जड दगड लावूं नये. स्वयंपाकघरांत खडबडीत पट्ट्या टाळाव्या. एकत्र कुटुंबांतील रोजच्या फोडण्यांची वाफ व धूळ त्यांच्या कपारींत बसते, आणि घांसण्याचें काम शेवटीं सुनांच्या वाट्यास येतें. फिक्या संगमरवरास पांढऱ्या सिमेंटचाच लेप घ्यावा, नाहींतर काळसर डाग वर उमटतात. शहाबादी फरशी किंवा संगमरवर यांवर आम्ल कधीं ओतूं नये; हे दगड आम्लांत फसफसून विरतात.

आमच्या बंधूंनीं ती सारी भिंत उतरविली. जोत्याची ओल प्रथम दुरुस्त केली, आणि एक पावसाळा भिंत उघडी ठेवून ती कोरडी राहते कीं नाहीं हें पाहिलें. आतां दगड आहे तो खिडकीच्या कठड्याइतक्या उंचीपर्यंतच, फिक्या रंगाचा. वर साधा गिलावा व रंग. पूर्वीइतकी शोभा नाहीं, असें येणारे-जाणारे म्हणतात. भावजय मात्र दर दसऱ्यास रुपयाचें नाणें घेऊन एकेक फरशी ठोकून पाहते. आवाज भरीव आला म्हणजे पुढच्या फरशीकडे वळते. आमच्या मतें हा शस्त्रपूजनाइतकाच आवश्यक विधि आहे, आणि ज्यांच्या घरीं दगडी भिंत आहे त्यांनीं तो अवश्य पाळावा.