दुर्बिणीची तपासणी आणि मनातला दुसरा बाण

पोटात सतत जळजळ होते, घास अडकतो अशी तक्रार असली की डॉक्टर एण्डोस्कोपी करून घ्यायला सांगतात. आपण तिला 'दुर्बीण' म्हणतो. तारीख मिळते आणि झोप उडते. ऐन वेळी सबब सांगून तारीख पुढे ढकलणारे अनेक जण आम्ही पाहतो. दुखणे मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी या अवस्थेवर प्रकाश टाकला आहे. सल्ल म्हणजे शल्य, बाण. शरीराची वेदना हा पहिला बाण. अजाण माणूस त्यावर शोक करतो, तेव्हा त्याला मनाचा दुसरा बाण लागतो. जाणत्याला एकच लागतो. दुर्बिणीच्या बाबतीत तर पहिला बाण लागण्याआधीच दुसरा रुतलेला असतो. तो बहुधा अज्ञानातून येतो, म्हणून आधी माहिती करून घेऊ.

या तपासणीसाठी पोट रिकामे लागते. बहुधा ६ ते ८ तास काही खायचे नसते. घशात औषधाचा फवारा मारून तो बधिर करतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांमध्ये एक कडे ठेवतात. त्यातून करंगळीएवढी लवचीक नळी आत जाते. उमासे येतात, पोट फुगल्यासारखे वाटते. पण बहुतेक वेळा काम ५ ते १० मिनिटांत आटोपते. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही. त्यामुळे श्वास चालूच राहतो.

'तुकडा काढला' हे शब्द ऐकताच घरात रडारड होते. पण तुकडा काढला म्हणजे कॅन्सर झाला, असे नव्हे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठीही तो तपासतात. या जंतूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावर औषधे आहेत. कधी गंभीर आजारही निघतो, हे खरे; परंतु तो लवकर कळण्यातच रुग्णाचे हित असते.

आपल्याला आनापानसती परिचित आहे. नाकाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. तपासणीच्या टेबलावर नेमका हाच श्वास मोकळा असतो. आठवडाभर आधीपासून रोज १० मिनिटे सराव करावा. भीती आली तर 'भीती आली आहे' एवढे जाणावे. तिच्याशी भांडू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. रक्त पातळ करणारी वा मधुमेहाची औषधे, दमा, अ‍ॅलर्जी, कवळी यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये. शंका कागदावर लिहून न्याव्यात. संमतीपत्र वाचूनच सही करावी. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही पिऊ नये. गुंगीचे औषध दिले असल्यास सोबत माणूस हवा. त्या दिवशी गाडी चालवू नये आणि चेक वा महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये.

नातेवाइकांनीही ऐकीव कहाण्या सांगून रुग्णाला घाबरवू नये. त्याच्याजवळ शांत बसावे. तीही मैत्री भावनाच आहे. पहिला बाण टाळणे आपल्या हाती नसेल. दुसरा काढून टाकणे मात्र आपल्याच हाती आहे.