पाठीराखा

फुटबॉलच्या सामन्यात गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. गोल होऊ न देणाऱ्याची आठवण मात्र थोड्यांनाच राहते. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडल्या आणि अकराव्या वेळी गोल केला, तर त्याचा जयजयकार होतो. बचाव करणारा खेळाडू दहा वेळा यशस्वी झाला आणि अकराव्या वेळी चुकला, तर ती एकच चूक लोक लक्षात ठेवतात. असे हे अवघड काम स्पेन देशाच्या कार्लेस पुयोलने सुमारे पंधरा वर्षे निष्ठेने केले.

पुयोलचा जन्म 13 एप्रिल 1978 रोजी कातालोनिया प्रांतातील ला पोब्ला दे सेगूर या डोंगराळ भागातील लहानशा गावी झाला. लहानपणी तो गोलरक्षक होता. परंतु खांद्याच्या दुखण्यामुळे त्याला ती जागा सोडावी लागली. 1995 साली, सतराव्या वर्षी, तो बार्सिलोना संघाच्या प्रशिक्षणकेंद्रात दाखल झाला. चेंडू खेळविण्यात त्याच्याहून कुशल असलेली मुले तेथे होती. पण मेहनतीत व चिकाटीत तो कोणाला हार जाणारा नव्हता. 1999 साली त्याला मुख्य संघात स्थान मिळाले आणि 2004 साली तो त्या संघाचा कर्णधार झाला.

बचाव करणाऱ्याला सदैव सावध राहावे लागते. प्रतिस्पर्ध्याची वाट अडविणे, नियम न मोडता त्याच्याकडील चेंडू काढून घेणे आणि पुढे गेलेल्या सोबत्याची रिकामी जागा भरून काढणे, ही त्याची कामे. पुयोल ती जिवाची पर्वा न करता करी. स्पेनसाठी तो 100 सामने खेळला. त्यांत त्याचे गोल अवघे तीन. परंतु त्यांतील एक गोल स्पेन कधीही विसरणार नाही.

2010 साली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक स्पर्धा झाली. डर्बन येथील उपांत्य सामन्यात स्पेनची गाठ बलाढ्य जर्मनीशी पडली. त्र्याहत्तर मिनिटे होत आली, तरी एकही गोल झाला नव्हता. इतक्यात चावीने मैदानाच्या कोपऱ्यावरून चेंडू उंच मारला. मागून धावत आलेल्या पुयोलने सर्वांच्या वर उडी घेतली आणि चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. त्या एका गोलने स्पेन अंतिम सामन्यात पोहोचले आणि पुढे नेदरलँड्सला हरवून प्रथमच विश्वविजेते झाले.

तरीही पुयोलचा मोठेपणा केवळ या गोलात नाही. 2012 साली रायो वायेकानो या संघावर बार्सिलोनाने सात गोल चढविले. तेव्हा दोन सोबती मैदानातच नाचू लागले. हरणाऱ्यांचा असा उपहास होणे पुयोलला रुचले नाही. त्याने धावत जाऊन तो नाच थांबविला.

त्याआधीच्या वर्षी लंडन येथे बार्सिलोनाने युरोपातील विजेत्या संघांची स्पर्धा जिंकली. चषक प्रथम उंचावण्याचा मान कर्णधाराचा. परंतु एरिक आबिदाल या सोबत्याच्या यकृतातील गाठीवर दोनच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्यातून उठून तो अंतिम सामना खेळला होता. पुयोलने आपल्या दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून आबिदालच्या दंडावर बांधली व त्यालाच पुढे केले. हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने आबिदालने चषक उंचावला.

पुढे गुडघ्याच्या दुखापतींनी पुयोलला जेरीस आणले. संघाशी त्याचा करार 2016 पर्यंत होता. परंतु पूर्वीसारखे खेळता येत नाही, हे ओळखून 2014 सालीच त्याने बार्सिलोना संघाचा निरोप घेतला. जो स्वतः मागे उभा राहून इतरांना निर्धास्तपणे पुढे जाऊ देतो, तो खरा पाठीराखा. पुयोल मैदानावर तसा होता, आणि विजयाच्या क्षणीही तसाच राहिला.